सावलीतले कार्यकर्ते

परवा पाटोद्याच्या बाजारात माझं एका खतवाल्याशी कडाक्याचं भांडण झालं. मी त्याचं गिऱ्हाईक नव्हतो. मला शेत नाही, घरात तुळस आहे तिलाही बायकोच पाणी घालते. पण या गृहस्थाने गव्हाच्या जिवाणूखताची पाकिटं दुकानाच्या पायरीवर भर उन्हात मांडून ठेवली होती. साबणाच्या वड्या मांडाव्यात तशी ओळीने.

मी म्हणालो, "अहो, ही आत घ्या."

"कावून?"

"मरतील."

"कोण मरंल?"

"आत आहेत ते."

त्याने एक पाकीट कानाशी नेऊन हलवून बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "गुरुजी, उन्हाचं फिरू नगा. जरा लिंबूपाणी घ्या."

माझं डोकंच फिरलं. मी आवाज चढवला, त्यानेही चढवला, चार रिकामी माणसं जमली. शेवटी मीच ती पाकिटं उचलली आणि त्याच्या दुकानात, पाण्याच्या माठाशेजारी नेऊन ठेवली. बायको पिशवी धरून लांब उभी होती, जणू आमची ओळखच नाही. घरी येईपर्यंत बोलली नाही आणि घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "शोभतं का हे तुम्हाला?"

नाही शोभत. मान्य आहे. पण हा रोग मला त्र्यंबकआण्णांकडून लागला आणि तो आता काही जाणार नाही.

नेकनूरहून आत एका गावात माझी जिल्हा परिषदेच्या शाळेवर बदली झाली, तेव्हा आण्णांच्या घरातली बाहेरची खोली मला भाड्याने मिळाली. मधे एकच भिंत. त्यामुळे आण्णा काय बोलतात ते मला ऐकू यायचं, आणि मला ऐकू गेलं नसेल अशी शंका आली की आण्णा तेच पुन्हा जरा मोठ्याने बोलायचे. माणूस उंच, सावळा, कपडे पांढरे आणि कांजी केलेले. चालताना कपड्यांचा आवाज आधी यायचा, मग आण्णा यायचे. गावचं सरपंचपद त्यांनी इतकी वर्षं सांभाळलं होतं की गावाला दुसरा सरपंच असू शकतो हे नव्या पोरांना माहीतच नव्हतं. मग एका निवडणुकीत त्यांना त्यांच्याच चुलतभावाने पाडलं. उत्तमराव त्याचं नाव. गावात खतांचं दुकान त्याचंच. उत्तमराव हसतमुख, गोरापान, बोलण्यात लोणी. उधार नाही म्हणतानासुद्धा समोरच्याला वाटायचं की आपला सत्कारच झाला.

आण्णा पडले, पण ते पडले असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. "मी न्हाई पडलो. गावाला कळालं न्हाई," एवढंच ते म्हणायचे. आण्णांचं कधीच काही चुकत नसे. एसटी निघून गेली तर ड्रायव्हरला घाई होती. बांध फुटला तर पाण्याला अक्कल नव्हती. मुलीच्या लग्नात भात कच्चा राहिला तर त्या वर्षीचा तांदूळच खोटा निघाला. त्यांच्या तोंडून "माझं चुकलं" हे दोन शब्द गयाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, उभ्या संसारात ऐकले नव्हते. काकूच मला सांगायच्या. "मी मरायच्या आधी एकदा ऐकंल म्हनते गुरुजी. बगू."

निवडणुकीनंतर आण्णांच्या ओट्यावरची गर्दी आटली. चहाला येणारे उत्तमरावांच्या दुकानापुढे बसायला लागले. त्याच हिवाळ्यात आण्णा कुठल्याशा कृषी प्रदर्शनाला गेले आणि येताना एक काळ्या भुकटीचं पाकीट घेऊन आले. तिथल्या माणसाने त्यांना सांगितलं होतं की या भुकटीत जिवंत जिवाणू आहेत. अॅझोटोबॅक्टर. बियाला चोळून पेरले की ते गव्हाच्या मुळाशी राहतात, हवेतलं नत्र ओढून गव्हाला देतात, आणि युरिया कमी लागतो. ऐकणाऱ्या शंभर जणांनी मान हलवली असेल. आण्णांना मात्र त्यात आपलं हरवलेलं सगळं सापडलं.

"गुरुजी, जरा बसा," दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ओट्यावर बोलावलं. "हवेत नत्र किती हाय मालूम हाय का? लई हाय. गव्हाच्या डोक्यावर उभं हाय. पर गव्हाला ते घेता येत न्हाई. कावून?"

विज्ञानाचा शिक्षक मी. पण आण्णांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हे मला आठवड्यात कळलं होतं.

"मधी माणूस न्हाई म्हणून! योजना वर मंजूर हाय, पर खाली पोचवणारा कार्यकर्ता न्हाई. हे बघा," त्यांनी पाकीट हलक्या हाताने थोपटलं, "हे कार्यकर्ते. चहा मागत न्हाईत. बॅनरवर फोटो मागत न्हाईत. पद न्हाई दिलं म्हणून रुसून उत्तमच्या दुकानात जात न्हाईत. निस्ती सावली आन थोडा गूळ. असा पक्ष मला आधी कावून भेटला न्हाई?"

त्या दिवसापासून आण्णा पुन्हा राजकारणात आले. फक्त कार्यकर्ते बारीक झाले.

पाकिटं गार जागी ठेवायची असतात. आण्णांच्या घरात सगळ्यात गार जागा म्हणजे देवघर. मग पाकिटं देवघरात गेली. खंडोबाच्या डाव्या हाताला. घरी आलेल्या पाहुण्या बायका देवाला हात जोडता जोडता पाकिटांनाही जोडायच्या. आण्णांना त्यात वावगं वाटत नसे. पण एकदा त्यांच्या मेहुणीने श्रद्धेने पाकीट फोडून भुकटीवर हळद वाहिली, तेव्हा भिंतीपलीकडून जो आवाज आला तो मी अजून विसरलेलो नाही.

"मारतीस का काय सगळ्यांना! आगं, हळदीनं जंतू मरतेत! तूच जखमेला लावतीस न्हवं का हळद?"

"देवापुढं ठिवलंय म्हणून वाहिली दाजी."

"देवापुढं ठिवलंय ते गार हाय म्हणून! देवाचा आन त्यांचा काय संबंध न्हाई!"

ती बाई नेसत्या साडीनिशी दुपारच्याच गाडीने परत गेली. काकूंनी आण्णांशी दोन दिवस अबोला धरला. आण्णांना तो कळलासुद्धा नाही, कारण त्यांचं बोलणं पाकिटांशी चालू होतं.

बन्सीची गोष्ट त्याहून भारी. बन्सी हा आण्णांचा उरलेला एकमेव दोन पायांचा कार्यकर्ता. कोयता घेऊन उसाला जायचा, परत आला की आण्णांच्या ओट्यावर. त्याने भक्तीपोटी स्वतःच्या तुकड्यात जिवाणू वापरायचं ठरवलं. आण्णांनी कृती सांगितली. गुळाचं पाणी करायचं, त्यात भुकटी कालवायची, ते बियाला हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवायचं, त्याच दिवशी पेरायचं. बन्सीने सगळं केलं. फक्त गुळाचं पाणी म्हटल्यावर त्याच्या बायकोने शेंगदाण्याच्या लाडवांना करतात तसा चुलीवर पाक केला, चांगला एकतारी, आणि तो उकळता असतानाच भुकटी त्यात ओतली. बी छान चकचकीत झालं. बन्सी कौतुकाने मूठभर घेऊन दाखवायला आला.

आण्णांनी ते हातात घेतलं, वास घेतला, आणि खाली बसले.

"गरम होतं?"

"मग! चटका बसला की मला."

"बन्सी, अरे किती जीव होते त्यात. मोजता येत न्हाईत इतके." आण्णांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, शप्पथ सांगतो. "जा. घरी जा. गार पाण्यानं आंघोळ कर. आज चूल पेटवू नको. सुतक हाय तुला."

आणि बन्सीने ते पाळलं! बायकोनेही पाळलं. सगळं घर चुरमुऱ्यावर राहिलं. गाव हसून हसून लोळलं, उत्तमरावांनी दुकानातून बन्सीला सांत्वनाचा निरोप पाठवला. आण्णांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. शेतातली काडी जाळणाऱ्यांशी त्यांची मारामारी व्हायची. जळत्या धांड्यांकडे काठी रोखून ते ओरडायचे, "अरे मतदार जाळायलास बे! त्यांच्याजवळ मतदान कार्ड न्हाई म्हणून तुला दिसत न्हाईत का?" ज्याचं शेत त्याला वाटायचं, आण्णांना हार सोसली नाही. मलाही तसंच वाटायचं. पण आमच्या भिंतीपलीकडे हा माणूस रोज सकाळी उठून पाकिटांशेजारच्या माठाचं पाणी बदलत होता, पाकिटांवरचं ओलं फडकं पिळून पुन्हा घालत होता. सरपंच असताना त्याने स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला उचलला नव्हता, असं काकू सांगायच्या.

आता पैजेकडे येतो.

या गावात पोळ्याला पहिला मान आण्णांच्या बैलांचा. मारुतीच्या देवळापुढे तोरण बांधतात, गावचे बैल सजून उभे राहतात, आणि आण्णांची जोडी तोरणाखालून गेल्याशिवाय दुसरं जनावर हलत नाही. सरपंचकी गेली तरी हा मान राहिला होता, कारण त्याला मतदान लागत नाही. आण्णांचं गावात उरलेलं तेवढंच होतं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एक दिवस पारावर उत्तमराव हसत हसत म्हणाले, "आण्णा, माणसांनी मत दिलं न्हाई, आता किडे देतेत व्हय?"

सगळे हसले. बन्सीसुद्धा हसला, मग घाबरून थांबला.

आण्णा उठले. कांजीचा आवाज झाला. "रस्त्याकडची माझी खालची पट्टी हाय ना? अर्ध्यात तुझा युरिया, पुरता. अर्ध्यात माझे जिवाणू आन नावाला युरिया. एकच बी, एकच पाणी. खळ्यावर सगळ्यांदेखत तोलू. माझा गहू कमी भरला तर पोळ्याचा मान तुझा."

हसणारे सावरून बसले. असल्या गोष्टी आमच्याकडे चेष्टेत बोलत नाहीत.

"आन जास्त भरला तर?" उत्तमरावांनी विचारलं.

"तर तू माझे कार्यकर्ते तुझ्या दुकानात विकायचे. मी सांगंल तशे ठिवायचे."

घरी काकूंनी हे ऐकलं तेव्हा त्यांनी हातातली परात आपटली. "मान काय तुमच्या एकट्याचा हाय? बैलाचं शेण काढते कोण? आंघोळ घालते कोण? शिंगं घोळते कोण? तुमी निस्ता कासरा धरता आन गावातून मिरवता!"

"हरत न्हाई मी," आण्णा म्हणाले. "काय चुकतच न्हाई त्यात."

आणि गंमत अशी की खरंच काही चुकत नव्हतं. कृती पाठ, बी चांगलं, पाकिटं ताजी, रान वाफशावर आलेलं. आण्णांनी गुपचूप सकाळी उठून पेरून टाकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण जन्मभर ज्या माणसाने नाला खोलीकरणापासून स्मशानाच्या पत्र्यापर्यंत सगळ्याची उद्घाटनं केली, तो गुपचूप पेरेल कसा? आण्णांनी कार्यक्रम ठेवला. "गहू बीजप्रक्रिया शुभारंभ सोहळा." बॅनर, मंडप, लाऊडस्पीकर, आणि प्रमुख पाहुणे म्हणून साहेब. साहेब कोण ते विचारू नका. प्रत्येक भागात एक साहेब असतात आणि ते उशिरा येतात.

शाळामास्तर असल्यामुळे सूत्रसंचालन माझ्याकडे. ते आमच्याकडे न विचारताच येतं.

आण्णांनी पहाटे उठून, गूळ पाण्यात विरघळवून, ते पाणी स्वतःच्या मनगटावर घेऊन, गार आहे याची खात्री करून बी चोळलं. काळं काळं, ओलसर, देखणं बी. मंडपाच्या सावलीत ताडपत्री अंथरून पसरलं. पेरणीची पाभर सजवून उभी. बैल तयार. साहेबांची वेळ सकाळची होती.

सकाळ गेली. फोन आला, साहेब निघाले. पुन्हा फोन आला, साहेब निघतायत. मी माईकवर आधी शेतीचं महत्त्व सांगितलं, मग साहेबांचं, मग पुन्हा शेतीचं. पोरांच्या कविता झाल्या. एका माणसाने बासरी वाजवली, त्याला कोणी बोलावलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. कार्तिकातलं ऊन दिसायला गरीब असतं, पण आमच्याकडचं दुपारी अंगावर येतं. मंडपाची सावली हळूहळू सरकली आणि मंडपाला सोडून मागच्या बोरीखाली जाऊन बसली. ताडपत्री उन्हात.

आण्णांनी ते बघितलं. मी बघत होतो आण्णांकडे. ते उठले, ताडपत्रीपर्यंत गेले, एक कोपरा धरला. तेवढ्यात फोटोवाला ओरडला, "आण्णा, हलवू नका! साहेब आले की इथंच मूठ घेतेत, मागं बॅनर येतो!" त्याच वेळी कुणाचा तरी फोन वाजला. साहेब फाट्यावर आले.

काकू बायकांतून पुढे आल्या. "आहो, ऊन आलं की बियावर."

"फोटो व्हायचाय," आण्णा म्हणाले, आणि कोपरा सोडला.

काकूंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, तोंडातल्या तोंडात काही बोलल्या आणि घराकडे गेल्या. घरी पहाटेचंच चोळलेलं थोडं बी उरलं होतं. ते त्यांनी पडवीत जुन्या लुगड्यावर पसरून ठेवलं होतं. दोन बायका घेतल्या आणि विहिरीजवळच्या तुकड्यात, घरच्या पोळीपुरता गहू करतात तिथे, ओळी पाडून पेरून मोकळ्या झाल्या. "साहेबाची वाट बगत बसले तर धारा कोण काढंल?" असं नंतर म्हणाल्या. त्यात शहाणपण वगैरे काही नव्हतं, बाईला खरोखरच कामं होती.

साहेब फाट्यावर आले ते तिथून आणखी एका सत्काराला गेले. प्रत्यक्ष आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हार झाले. चार सवाष्णींनी ताडपत्रीवर हळदकुंकू वाहिलं, भरभरून. मी आण्णांकडे बघितलं. आण्णा साहेबांकडे बघून हसत होते. साहेबांनी बी बघून विचारलं, "काळं पडलंय का हो हे?" आण्णा समजावून सांगायला लागले, तोवर साहेबांच्या माणसाने पुढे येऊन साहेबांच्या दोन्ही हातांवर जंतुनाशक ओतलं. साहेबांनी हात स्वच्छ चोळले, आणि त्या हातांनी जिवाणूंची पहिली मूठ पाभरीच्या चाड्यावर सोडली. टाळ्या. भाषणात साहेबांनी जिवाणूंना भूमिपुत्र म्हटलं आणि त्यांच्यासाठी निधी कमी पडू देणार नाही असं सांगितलं.

फोटो पेपरात आला. आण्णा त्यात अर्धे होते. फेटा आणि एक कान.

पेरणी झाली, पाणी दिलं, गहू उगवला. माघात रस्त्याने जाताना आंधळ्यालाही दिसावं असं चित्र. युरियाची बाजू हिरवीगार, तरतरीत. आण्णांची बाजू फिकट पिवळी, आजारातून उठलेल्या माणसासारखी. आणि विहिरीजवळ काकूंचा तुकडा! बुंधे जाड, फुटवे भरगच्च, पान रुंद. येणारा जाणारा आधी तिथे थांबायचा. आण्णा रोज सकाळी खालच्या पट्टीत जाऊन उकिडवे बसायचे. एक रोप उपटायचे, मुळं बोटांनी मोकळी करून बघायचे. मग विहिरीकडे जाऊन तिथलं एक उपटायचे. काकू ओरडायच्या, "माझ्या रानात हात घालू नगा!" आण्णा काही बोलायचे नाहीत. ओट्यावर येऊन माझ्याशीही बोलायचे नाहीत. आमच्या भिंतीतून पहिल्यांदाच आवाज येईना झाला, आणि खरं सांगतो, मला करमेना.

खळं झालं. सगळ्यांदेखत तोललं. उत्तमरावांची बाजू जास्त भरली. मग बन्सीने आपणहून काकूंचा गहू तोलला, आणि तेवढ्याच रानाचा हिशेब लावला तर तो दोन्हीपेक्षा सरस निघाला. झालं! गावाला दुसरं काय पाहिजे? दोन तट पडले. पारावर बैठक बसली.

बन्सीने आयुष्यात पहिल्यांदा भाषण केलं. "आण्णा, शर्त जिवाणूची होती का पट्टीची? जिवाणू तर जितलेच की. काकूचा तुकडाच खरा प्रयोग म्हणा. कोन काय करतंय!"

दोघंतिघं "व्हय व्हय" म्हणाले. उत्तमराव हसत नव्हते. कारण हा डाव चालला असता. आण्णा याहून अवघड डाव जिंकलेला माणूस. एकदा फेरमोजणी मागून त्यांनी हरलेली निवडणूक जिंकून दाखवली होती. साहेब उशिरा आले, फोटोवाल्याने अडवलं, सवाष्णींनी हळद टाकली, दोष द्यायला अख्खा मंडप हजर होता. मी मनात म्हणत होतो, बोला आण्णा, आता बोला. मान वाचतो आहे.

आण्णांनी बन्सीला जवळ बोलावलं.

"बन्सी, तू त्यांना पाकात मारलंस, तवा मी तुला काय सांगितलं व्हतं?"

"सुतक पाळ म्हणले व्हते."

"पाळलंस?"

"पाळलं की. बायकोनं बी पाळलं."

"तुला ठावं नव्हतं तरी पाळलंस." आण्णा थांबले. त्यांना बोलायला जड जात होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. "मला ठावं होतं. डोळ्यांदेखत ऊन आलं. ही म्हणली, बी हलवा. मी म्हणलो, फोटो व्हायचाय. ते बिचारे माझ्या भरोशावर व्हते रे. मी मारले. माझं चुकलं."

पारामागे बायका उभ्या होत्या, त्यात काकू होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. जन्मभर ज्या दोन शब्दांची वाट बघितली ते ऐकून बाई खूश होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता आणि त्या रडत होत्या.

"मान उत्तमचा," आण्णा म्हणाले आणि उठून घरी गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "मेलेले माघारी येत न्हाईत. चार घास खा."

आता उत्तमरावांची फजिती ऐका. पोळा जवळ आला तशी त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. त्यांच्याकडे बैलच नव्हते! ट्रॅक्टर घेतला तेव्हाच विकले होते. पोळ्याच्या तोरणाखालून ट्रॅक्टर नेऊन चालत नाही. पाहुण्यांचे बैल आणावेत तर गाव हसणार. शेवटी हा विजयी माणूस हात चोळत आण्णांच्या ओट्यावर आला. आण्णांचीच जोडी मागायला.

आण्णा काही म्हणायच्या आत काकू बाहेर आल्या. "न्या की. मान तुमचा हाय. पर उद्या खांदेमळणीला यायचं, खांदे तुमीच मळायचे. पोळ्याच्या सकाळी तळ्यावर न्यायचे, घासून धुवायचे. शेण काढायचं. मग कासरा धरायचा."

आणि उत्तमरावांनी ते केलं. बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळताना एका बैलाने त्यांच्या गोऱ्या पायावर पाय दिला, तेव्हा काकूंच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

एक मात्र झालं. काकूंचा गहू बघून लोक उत्तमरावांच्या दुकानात जिवाणूची पाकिटं मागायला लागले होते. उत्तमराव व्यापारी माणूस. पैज जिंकूनही त्यांनी खोकीच्या खोकी मागवली. आण्णा हरले आणि त्यांना हवं होतं ते झालं, पण हे त्यांना सांगायची हिंमत कुणाला होत नव्हती.

पोळ्याच्या दिवशी मी शेवटचं आण्णांना पाहिलं. माझी बदली झाली होती, सामान दुसऱ्या दिवशी हलायचं होतं. नंतर वर्षभराने ते गेल्याचं बन्सीने फोनवर कळवलं. त्यामुळे माझ्यापुरते आण्णा म्हणजे ती दुपार.

हलग्या वाजत होत्या. झूल, बाशिंगं, घुंगुरमाळा. पुढे उत्तमराव फेटा बांधून, लंगडत, आण्णांच्या बैलांचा कासरा धरून. त्यांच्यामागे सगळं गाव. आण्णाही होते, कडक पांढऱ्या कपड्यांत, बैलांच्या शेपटीमागे, मान ताठ. लोक चोरून त्यांच्याकडे बघत होते, रडतात का म्हणून. मिरवणूक उत्तमरावांच्या दुकानावरून वळली. दुकान बंद होतं. नवा माल सकाळीच आला असणार आणि पोळ्याच्या गडबडीत कुणी आत घेतला नव्हता. पायरीवर, उन्हात, जिवाणूंचं खोकं तसंच पडलेलं.

आण्णा थांबले. पुढे देवळापाशी तोरण दिसत होतं. हलग्या चढल्या होत्या. त्यांचेच बैल आता तोरणाखालून जाणार होते, जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हाताने. ते बघायला सगळे धावले. आण्णांनी तिकडे एकदाच बघितलं. मग ते मिरवणुकीतून बाहेर पडले.

मी हाक मारली, "आण्णा, बैल चाललेत तोरणाखालून!"

"जाऊ द्या गुरुजी. त्यांना वाट ठावी हाय."

त्यांनी खोकं उचललं. जड होतं. कांजीच्या कपड्यांना धूळ लागली. पलीकडच्या लिंबाखाली जाऊन ते मातीत मांडी घालून बसले, खोकं मांडीवर घेतलं आणि डोक्यावरचा फेटा सोडायला लागले. मला वाटलं घाम पुसतायत. त्यांनी तो शेजारच्या टाकीच्या नळाखाली धरून भिजवला, पिळला, आणि नीट घडी करून खोक्यावर पांघरला.

देवळाकडून मोठा गलका झाला. आण्णांनी मान वर केली नाही. एक हात खोक्यावर ठेवून ते हळू आवाजात काहीतरी म्हणत होते. मी जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं.

"आलो रे. आलो. जरा उशीर झाला."